पायावरचा मेंदीचा ठिपका

दवाखान्यात पेशंट झोपून असतो आणि त्याची बायको बसून असते. बसून बसून करणार काय? तोंडात जप चालू राहतो, कान उघडे राहतात आणि दोन्हींची सरमिसळ होते. आमचे हे डाव्या पायाच्या ऑपरेशनसाठी शहरातल्या एका दवाखान्यात अठरा दिवस होते. त्या अठरा दिवसांचे किस्से मी भजनाच्या मैत्रिणींना इतक्यांदा सांगितले की परवा एकजण म्हणाली, "अहो, एकदाचे लिहूनच काढा. म्हणजे भजन तरी वेळेवर सुरू होईल!" म्हणून बसले आहे लिहायला. बसले म्हणजे काय, मधूनमधून उठतेच आहे. ती सवयही तिथलीच.

* * *

ह्यांची सगळी नोकरी हर्सूलला, जेलच्या ऑफिसात कारकुनीची. निवृत्त झाल्यावर संध्याकाळी आम्ही गुलमंडीपर्यंत पायी जायचो. हे पुढं, मी मागं.

तर एका वर्षी हे मध्येच थांबायला लागले. शंभरेक पावलं झाली की थांबायचे आणि समोर जे दुकान असेल त्याच्या काचेत बघत उभे राहायचे. दोन मिनिटांनी पुन्हा चालू. आता गुलमंडीत समोर दुकान म्हणजे बहुतेक साड्यांचंच. ज्या माणसानं चाळीस वर्षांत माझ्या साडीचा रंग विचारला नाही, तो काचेतल्या साड्या निरखतोय म्हटल्यावर मी मनातल्या मनात देवाला हात जोडले. सोळा सोमवार उशिरा का होईना, फळाला आले म्हटलं.

एकदा धीर करून विचारलं, "ती मोरपंखी बघताय का?" हे "हो" म्हणाले. घेतली. पुढं दोन महिन्यांनी त्याच दुकानापाशी पुन्हा थांबले, तेव्हा मोतिया रंगाची घेतली. पोटरीत गोळा येतो, पुढं पाऊल टाकवत नाही, हे सांगायची ह्यांना लाज वाटत होती. आणि मी आपली घड्या मोडत होते.

नंतर डॉक्टरांनी विचारलं, "चालताना थांबावं लागतं, हे कधीपासून?"

हे आठवायला लागले. मीच सांगितलं, "दोन साड्या झाल्या, डॉक्टर."

* * *

मग ते चालणंही बंद झालं. बसल्या जागी पाय दुखायला लागला. आडवं झालं की जास्त दुखायचा, म्हणून हे पाय पलंगाखाली लोंबता सोडून बसायचे. पलंगासमोर आमचा देव्हारा. देवाकडं पाय नकोत म्हणून मी आधी पलंग फिरवला, मग देव्हारा फिरवला, पुन्हा पलंग फिरवला. मोलकरीण म्हणाली, "काकू, एकदा काय ते देवाला नि काकांना आपसात ठरवू द्या."

अंगठा काळसर पडला होता. पाऊल असं गार, जसं माठाला हात लावावा. मला वाटलं, गार आहे तर ऊब द्यावी. वीट तापवली, फडक्यात गुंडाळली आणि रोज शेक दिला. हे काही बोलायचे नाहीत. मला वाटायचं, बरं वाटतंय. चौथ्या दिवशी फडकं काढलं तर टाचेला पेरूएवढा फोड.

डॉक्टरांनी फोड बघितला. तरुण होते, आमच्या भाच्याच्या वयाचे. "शेक कुणी दिला?" त्यांनी शांतपणे विचारलं.

"मीच मागितला होता," हे म्हणाले.

मागितला नव्हता. चाळीस वर्षांत ह्यांच्या तोंडून मी ऐकलेलं हे पहिलं खोटं.

* * *

डॉक्टरांनी मग ह्यांच्या पायाच्या घोट्याला पट्टा बांधून बीपी घेतला. मी सांगितलं, "साहेब, बीपी हाताचा घेतात." ते हसले नाहीत. हाताचाही घेतला आणि दोन आकडे मला दाखवले. घोट्याचा आकडा हाताच्या निम्म्याहून कमी. मांडीपासून खाली रक्ताची नळी बंद होत आली आहे, ते म्हणाले. दुसऱ्या पायातली शीर काढून इथं जोडायची, रक्ताला वळणरस्ता करून द्यायचा. काळा अंगठा तर जाणारच. पण पाऊलभर रक्त पोचलं तर पाय राहील, नाही पोचलं तर गुडघ्याखालून काढावा लागेल. आणि वेळ फार नाही.

यापुढं ते बरंच काही बोलले, पण मी ते ऐकलं नाही. कारण तेवढ्या वेळात मी डोळे मिटून खुलताबादच्या भद्रा मारुतीला नवस बोलत होते. ह्यांचा पाय राहू दे, पुढच्या श्रावणात शनिवारी हे स्टँडपासून तुझ्या गाभाऱ्यापर्यंत अनवाणी चालत येतील.

बाहेर रिक्षात बसल्यावर ह्यांना विचारलं, डॉक्टर शेवटी काय म्हणाले?

"पाय राहिला तर जन्मात अनवाणी चालायचं नाही. घरातसुद्धा नाही. एक पाऊलही नाही."

घर आलं तरी मला उतरायचं सुचेना.

* * *

वॉर्डात आम्ही तीन पाय. म्हणजे पेशंट तीन, पण तिथं नावानं कुणी ओळखायचं नाही. नवीन माणूस आला की पहिला प्रश्न, "कुठवर?" अंगठ्यापर्यंत, घोट्यापर्यंत, की गुडघ्यापर्यंत.

शेजारच्या खाटेवर खुलताबादचे चाँदभाई. देवळाच्या रस्त्यावर त्यांचं नारळ-फुलांचं दुकान. सामान घेणाऱ्यांच्या चपला दुकानात सांभाळायच्या, ही तिकडची रीत. त्यांच्या घरवाल्या नजमाभाभी, माझ्याच वयाच्या. त्या तसबीह ओढायच्या आणि मी जपमाळ. मधल्या टेबलावर दोन्ही माळा शेजारी-शेजारी असायच्या. एकदा गडबडीत मी त्यांची घेऊन बसले. आठ मणी कमी कसे भरतात म्हणून तीनदा मोजले.

तिसऱ्या खाटेवर पैठणकडचे एक तात्या. त्यांचं फुग्यानं भागणार होतं, म्हणजे जांघेतून तार घालून आत फुगा फुगवायचा आणि नळी मोकळी करायची. पण बिडी सुटली तरच पाय टिकेल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. तात्यांनी बंडल काढून माझ्यापुढं धरलं. "माय, तुमच्या त्या देवाच्या पिशवीत ठिवा. देवाकडं जमा केली म्हंजी मागायची चोरी." मी ठेवलं. पोथी, उदबत्ती, अंगारा आणि बिड्या.

दोन दिवस बरे गेले. तिसऱ्या दिवशी सकाळपासून तात्यांच्या खेपा सुरू झाल्या. पाणी घ्यायच्या निमित्तानं यायचे, पिशवीकडं बघून जायचे. दुपारी न राहवून जवळ आले, आवाज खाली आणला.

"माय, जरा देवाला इचारून बघता का? येकच."

मी म्हटलं, "देव जपाला बसलेत, तात्या."

तात्यांनी थोडा विचार केला. "मंग उठल्यावर इचारा. मी हितंच हाय."

आणि स्टूल ओढून बसले. देव काही त्या दिवशी उठले नाहीत.

* * *

ह्यांचं ऑपरेशन सहा तास चाललं. मी बाकावर बसले नाही. त्या दाराच्या बोळातून किती चकरा मारल्या ते मारुती जाणे. नजमाभाभी म्हणाल्या, "भाभी, बैठो ना. तुम चलके उनका पाँव थोड़ीच चलने वाला है?" आणि मग त्याच उठून माझ्याबरोबर चालायला लागल्या.

शुद्धीवर आल्यावर ह्यांनी दोन्ही पाय बघितले. दोन्ही पट्ट्यांत. डाव्यात शीर घातली होती, उजव्यातून काढली होती. म्हणाले, "उजव्यानं डाव्याला दिली. सख्ख्या भावांत असं वाटप मी तरी बघितलं नाही."

सिस्टर पेनासारखं एक यंत्र घेऊन आल्या. पावलावर थंड जेल लावलं, त्यावर पेन टेकवलं. ऑपरेशनआधी त्यातून नुसता वाऱ्यासारखा आवाज यायचा. आता यंत्र बोलायला लागलं, शूं-धप, शूं-धप. तात्या खाटेवर उठून बसले. विहिरीवरच्या मोटारीजवळ उभं राहिल्यासारखे कान देऊन ऐकत राहिले.

"आलं," ते म्हणाले. "पानी पायपाला आलं!"

सिस्टरांनी त्या जागेवर निळ्या पेनानं फुली मारली. दर तासाला तिथंच बोट ठेवून नाडी बघायची. लागली नाही तर थेट पुन्हा ऑपरेशनच्या खोलीत, कारण आत गुठळी झाली तर पाय गेला.

* * *

आता माझा चातुर्मासाचा नेम सांगायला हवा. सकाळी ह्यांचे पाय धुवायचे, पुसायचे, मगच चहा. दवाखान्यात पाणी चालत नव्हतं, म्हणून मी पट्टी सोडून उरलेलं पाऊल ओल्या कापसानं हलकेच टिपून घ्यायचे.

दुसऱ्या दिवशी सकाळी तसं टिपलं. वर निळी शाई लागली होती, तीही पुसली. स्वच्छ वाटलं. चहा प्यायले.

सिस्टर आल्या. त्यांनी पाऊल इकडून बघितलं, तिकडून बघितलं. बोट ठेवलं, सरकवलं, पुन्हा ठेवलं. यंत्र आणलं, त्यातूनही नुसता वारा. त्या पळत गेल्या. ह्यांच्या हातातली इडली काढून घेतली, कारण ऑपरेशन करावं लागलं तर पोट रिकामं हवं. स्ट्रेचर आलं. नजमाभाभींनी माझा हात धरला. माझ्या ध्यानात आलं ते तेव्हा. कापूस माझ्या पदरातच होता, निळा.

डॉक्टर जिन्यानंच धावत आले. एक बोट पावलावर ठेवलं, डोळे मिटले, जरा बाजूला सरकवलं आणि थांबले. पूर्ण वॉर्ड थांबला.

"आहे," ते म्हणाले. "चांगली आहे. फुली कुणी पुसली?"

मी कापूस पुढं केला. म्हटलं, "नेम होता."

मला वाटलं आता हाकलून देतील. त्यांनी माझा उजवा हात धरला, दोन बोटं त्या जागेवर टेकवली आणि वरून हलकं दाबलं. आधी काहीच नाही. मग चिमणीच्या पिलाला हात लावावा तसं काहीतरी बोटाखाली उडायला लागलं.

"काकू, पाय रोज धुता ना?" डॉक्टर म्हणाले. "मग हा पण नेम धरा. सकाळ-संध्याकाळ."

मी धरला. त्या दिवसापासून एकशेआठचा जप मी ह्यांच्या पायावर बोट ठेवूनच करते. माळ लागत नाही.

हे एवढंच म्हणाले, "इडली परत मिळेल का?"

* * *

पेनाच्या फुलीवर माझा भरवसा उरला नाही. मी कुंकवाचं बोट लावलं, ते चादरीला लागलं. नजमाभाभी बघत होत्या. "नक्को भाभी, ये सब पुँछ जाता," म्हणाल्या आणि थैलीतून मेंदीचा कोन काढला. भाचीच्या लग्नासाठी घेतलेला, तसाच थैलीत राहिलेला. ह्यांच्या पावलावर नेमक्या जागी मसुराएवढा ठिपका दिला. चाँदभाईंचं ऑपरेशन आमच्या दुसऱ्या दिवशी झालं होतं, त्यांचीही नाडी लागत होती. त्यांच्या पावलावरही तसाच ठिपका दिला. तात्या म्हणाले, मला बी. त्यांची जागा सिस्टरांनीच दाखवली.

हे कुरकुरले. तीस वर्षं जेलात काढली, भलेभले चळचळा कापायचे, आणि आता पायाला मेंदी. पण पाय काही मागं घेतला नाही.

सकाळी डॉक्टर राउंडला आले. पहिली चादर वर केली, मेंदी. दुसरी, मेंदी. तिसरी केली आणि त्यांनी सिस्टरांकडं बघितलं.

"इथं लग्न कुणाचं आहे?"

तात्या म्हणाले, "पोरी बघून ठिवल्यात, साहेब. तुमी फकस्त डिस्चार्जचा मुहूर्त काढा!"

* * *

आता हे लिहिताना मी दोनदा उठून आले.

मेंदी लावल्यावर चौथ्या दिवशी सकाळी मी माझा नेम करत होते. शेजारी नजमाभाभी चाँदभाईंच्या पावलाशी वाकल्या होत्या. माझे एकशेआठ झाले, त्या वाकलेल्याच. ठिपका ठसठशीत रंगला होता, लालभडक. त्याच्यावर त्यांचं बोट होतं.

"इधरीच था, भाभी," त्या माझ्याकडं न बघता म्हणाल्या. "कल तक इधरीच था."

मी माझं बोट ठेवलं. पाऊल माठासारखं गार लागलं.

डॉक्टरांनी दोनदा आत नेलं. पहिल्यांदा गुठळी काढली, दोन तास आवाज आला, पुन्हा गेला. दुसऱ्या दिवशी गुडघ्याखालून डावा पाय काढला. मेंदीसकट.

चाँदभाई शुद्धीवर आल्यावर बराच वेळ छताकडं बघत होते. मग ते नजमाभाभींना म्हणाले, "सारी उमर लोगों की चप्पलां संभाला. अब अपनी एक कम संभालनी पड़ेगी."

हसायचं की नाही, कुणाला कळेना. शेवटी नजमाभाभीच हसल्या आणि हसता हसता पदरात तोंड घालून बसल्या.

संध्याकाळी मी ह्यांची नाडी बघत असताना त्या आल्या आणि माझ्या बोटाशेजारी आपलं बोट टेकवून बसल्या. मग रोज यायच्या. आम्हाला घरी सोडलं त्या दिवसापर्यंत.

* * *

ह्यांचा अंगठा गेला, पाय राहिला. पण नवस माझ्या मानेवर बसला तो बसलाच. तपासणीला गेल्यावर मी डॉक्टरांना खरं काय ते सांगून टाकलं. ते म्हणाले, "काकू, एक पाऊल पण अनवाणी नाही. गाभाऱ्यात हवं तर जाड मोजे घाला."

म्हटलं, "पण तुमच्या आधी मी मारुतीला सांगून बसले."

"मग आता माझं नाव सांगा त्याला."

वर्षभर मला एकच घोर. मोजे म्हणजे अनवाणी की नाही? गुरुजींना विचारलं, ते म्हणाले भाव महत्त्वाचा. नणंदेला विचारलं, ती म्हणाली नवस म्हणजे नवस. ह्यांना विचारलं. "पाय माझा, नवस तुझा," म्हणाले. "मला मध्ये घालू नकोस."

श्रावणातल्या शनिवारी आम्ही एसटीनं खुलताबादला उतरलो. मी स्टँडवरच चपला काढून पिशवीत टाकल्या. ह्यांना सँडल घालून हळूहळू चालवत आणलं. रस्ता माझ्या वाट्याला, गाभारा ह्यांच्या वाट्याला, असं मी मारुतीशी एसटीतच ठरवून घेतलं होतं. हे मध्ये थांबतात का म्हणून माझं सगळं लक्ष त्यांच्या पोटरीकडं. एकदाही थांबले नाहीत. पण भुरभुर पाऊस होता, खाली चिखल. चाँदभाईंच्या दुकानापाशी पोचलो तेव्हा ह्यांचे मोजे सँडलसकट भरलेले. असे मोजे घेऊन गाभाऱ्यात कसं जायचं?

चाँदभाई गल्ल्यापाशी स्टुलावर बसले होते, कुबडी भिंतीला टेकवलेली. मागं फळीवर लोकांच्या चपलांच्या रांगा. त्यांनी ह्यांच्या पायाकडं बघितलं. मग खालच्या खणातून दवाखान्यातल्यासारखे जाड मोजे काढले. जोडीतला उजवा धुऊन धुऊन पिवळट पडलेला. डावा कोरा.

"पहनो साब," ते म्हणाले. "बाएँ के सब नएच पड़े हैं."

मी दुकानात नारळ मांडणाऱ्या नजमाभाभींना माझा घोर सांगितला. त्यांनी मोजा हातात घेऊन चुरगळून बघितला. "ये तो सूत है, भाभी. कपड़ा. कपड़ा पहनके तो सब्बीच जाते देव के सामने."

वर्षभर जे कुणी सोडवलं नव्हतं ते सुटलं. ह्यांनी मोजे चढवले आणि आम्ही आत गेलो. मारुती तिथं आडवे झोपलेले असतात, शेंदूर लावलेले. हे बराच वेळ हात जोडून बघत राहिले आणि माझ्या कानात म्हणाले, "ह्यांना डिस्चार्ज कधी आहे?"

परत दुकानावर आलो. शनिवारची गर्दी. हे बाकावर बसले, मोजे परत करायला काढले. नजमाभाभी नारळ बाजूला ठेवून आधी खाली बसल्या. मेंदी तर कधीच उडाली होती, पण त्यांचं बोट थेट जागेवर गेलं. डोळे मिटले. आजूबाजूला घंटा, भोंगे, "फुलं घ्या फुलं" चाललेलं.

"चल रहा है," त्या म्हणाल्या.

चाँदभाई स्टुलावरून वाकले. वाकता येईना, म्हणून कुबडी घेऊन उठले आणि बाकाच्या टोकाशी येऊन बसले. नजमाभाभींनी त्यांचा हात धरला, दोन बोटं ह्यांच्या पावलावर टेकवली आणि वरून हलकं दाबलं.

चाँदभाईंचा चेहरा एकदम बदलला. त्यांनी मान खाली घातली. बोट काढलं नाही.

समोर गिऱ्हाइकं जमली. एक बाई दोन्ही हातांत चपला घेऊन उभी, तिच्यामागं तिची पोरं, मागं आणखी चौघं-पाचजण. "काका, चपला कुठं ठेवू?" तिनं विचारलं. तिनं पुन्हा विचारलं.

चाँदभाईंनी दुसरा हात वर करून तिला थांबवलं.

"रुको जरा," ते म्हणाले. "गिन रहा हूँ."